अ‍ॅम्बेसेडरची स्पोर्टी चुलत बहीण

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उत्पादन थांबून चार दशकं उलटली, तरी ती आजही रस्त्यावर धावते. जुनी गाडी पुन्हा उभी कशी करतात, त्यात काय पणाला लागतं आणि उभी केल्यावर ती जगवायची कशी, हे या गाडीकडून शिकण्यासारखं आहे.

२०१९ मध्ये हेक्टर बाजारात आली आणि आपल्या रस्त्यांवर एमजीचा अष्टकोनी बिल्ला दिसू लागला. उंच, ऐसपैस, मोठ्या स्क्रीनची घरगुती गाडी, अशीच एमजीची आपल्याकडची ओळख आहे. पण हा बिल्ला जिथे जन्मला त्या इंग्लंडमध्ये जुन्या पिढीतल्या एखाद्याला नुसतं ‘एमजी’ म्हणा, त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येईल. दोन सीट, कापडी टप, लांब बॉनेट आणि हात खाली सोडला तर जवळजवळ रस्त्याला लागेल इतकी बुटकी गाडी. तिचं नाव एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात तिच्या सगळ्या प्रकारांत मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जहाजाने अमेरिकेला गेल्या.

गाडी विलायती असली तरी नात्यातली आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधली विल्यम मॉरिस यांची गाड्या विकण्याची आणि दुरुस्त करण्याची पेढी. त्याच मॉरिस यांच्या कंपनीच्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ या गाडीवरून आपली अ‍ॅम्बेसेडर घडली. हे नातं नुसतं नावाचं नाही. अ‍ॅम्बेसेडरमध्ये अनेक वर्षं बसवलं गेलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी कंपनीच्या ‘बी सीरिज’मधलं. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ मध्ये आली, तेव्हा तिच्यात तर बरोबर १४८९ सीसीचंच इंजिन होतं. कोलकात्याच्या टॅक्सी ज्याने ओढल्या, त्याच्याच भावंडाने इंग्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर तरुणांना वेगाची चव दिली.

साधे भाग, देखणं रूप

ही गाडी इतकी टिकली कशी, याचं उत्तर तिच्या जन्मातच आहे. १९२० च्या दशकात मॉरिस गॅरेजेसचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉडी चढवायला सुरुवात केली. घरगुती गाडीचे स्वस्त, भरवशाचे भाग घ्यायचे आणि त्यातून चालवायला मजा येईल अशी गाडी घडवायची, हा त्यांचा विचार. १९२९ मध्ये कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला हलला आणि पुढची पन्नास वर्षं एमजी म्हणजे अ‍ॅबिंग्डन असं समीकरण झालं.

एमजीबी याच विचारातून आली. तिचं इंजिन जेमतेम ९५ अश्वशक्तीचं. वेग ताशी १६० किलोमीटरच्या थोडा पुढे. आजची साधी हॅचबॅकही तिला सहज मागे टाकेल. पण इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल हे सगळं घरगुती गाड्यांच्या कुळातलं असल्याने नेहमीच्या मेकॅनिकला ते परकं नव्हतं. लाखोंच्या संख्येने गाड्या बनल्याने सुट्या भागांना गिऱ्हाईक कायम राहिलं. दुर्मीळ इटालियन गाडीचा एखादा भाग मिळवायला वर्ष जाईल. एमजीबीचा भाग फोनवर मागवता येतो.

१९६५ मध्ये पक्क्या छपराची ‘जीटी’ आली. तिच्या रूपाला इटलीच्या पिनिनफारिना या प्रसिद्ध संस्थेचा हात लागला होता. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा नियमांमुळे चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवावी लागली. आजही क्रोमवाल्या गाड्यांना जास्त मागणी असते. रबरवाल्या त्यामुळेच तुलनेने स्वस्त मिळतात. ज्याला गाडी दाखवायची नसून चालवायची आहे, त्याच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

इंजिन नंतर, आधी पत्रा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बहुधा आधी बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करून आवाज ऐकतो. एमजीबीच्या बाबतीत ही उलटी सुरुवात आहे. तिचं इंजिन कोणताही जाणता मेकॅनिक उघडून पुन्हा बांधू शकतो. गाडीचं नशीब ठरतं ते पत्र्यावर.

याचं कारण तिच्या बांधणीत आहे. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. बॉडी गंजली तरी चासी गाडीला तोलून धरायची. एमजीबीमध्ये वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून झालेला सांगाडा हाच तिचा कणा. त्यातही वर छप्पर नसलेल्या गाडीत सगळा भार दोन्ही दरवाजांखालच्या लांब पोकळ पट्ट्यांवर येतो. कारागीर त्यांना ‘सिल’ म्हणतात. आपण त्याला गाडीचा उंबरा म्हणू. घराचा उंबरा कुजला तर पाय अडखळेल, छत पडणार नाही. इथे मात्र उंबरा कुजला की गाडी मधोमध वाकते.

पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत मागच्या कोपऱ्यात साचतो, ओला राहतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग चकाकत असतो. म्हणून अनुभवी लोक काही सोप्या युक्त्या वापरतात.

पहिली, लोहचुंबक. रुमालात गुंडाळलेला छोटा चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असण्याची दाट शक्यता. एक अपवाद लक्षात ठेवा. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं होतं. तिथे चुंबक चिकटला नाही तर खूश व्हा, तो मूळ भाग आहे.

दुसरी, दरवाजा. दरवाजा आणि बॉडी यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. वरची फट मिटत आली असेल तर सांगाडा खचला आहे.

तिसरी, जॅक. गाडीच्या मालकाच्या परवानगीने एका बाजूने गाडी जॅकवर उचला आणि दरवाजा उघडून बघा. दरवाजा अडकला, तर गाडी उचलताना वाकते आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी महाग पडेल.

चौथी, गालिचा. सीटच्या खालचा गालिचा उचलून फ्लोअरचा पत्रा बोटाने दाबून बघा. ओलसर वास आला तर पुढचे प्रश्न विचारायला लागा.

किती करायचं, हे आधी ठरवा

गाडी घेतली. आता? इथे तीन वाटा फुटतात आणि त्यातली कोणती धरायची ते पहिला स्क्रू काढण्याआधी ठरवलं पाहिजे.

पहिली वाट जतनाची. गाडीचा मूळ रंग, मूळ सीटचं चामडं, जुन्या खुणा शक्य तितक्या तशाच ठेवायच्या. जे धोकादायक आहे तेवढंच बदलायचं. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ मध्ये ‘ट्युरिन सनद’ स्वीकारली. तिचा सूर हाच आहे की जुनं वाहन हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, त्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी. रंग पुन्हा लावता येतो. मूळ रंग मात्र गाडीला एकदाच मिळतो.

दुसरी वाट हळूहळू दुरुस्तीची. गाडी चालती ठेवायची आणि एका वेळी एकच काम काढायचं. या हिवाळ्यात ब्रेक, पुढच्या हिवाळ्यात वायरिंग. खर्च वाटला जातो, उत्साह टिकतो आणि मधल्या काळात फिरताही येतं. नव्याने या छंदात येणाऱ्यासाठी हीच वाट बरी.

तिसरी वाट संपूर्ण पुनर्बांधणीची. शेवटचा नटबोल्ट निघेपर्यंत गाडी खोलायची, सांगाडा उघडा करायचा, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, रंगवायचं आणि पुन्हा जुळवायचं. फोटोत ही वाट सर्वांत सुंदर दिसते. अर्ध्यावर सुटलेल्या कामांची संख्याही हिच्यातच जास्त. गाडी खोलायला दोन-चार सुट्या पुरतात. जोडायला काही वर्षं लागू शकतात. म्हणून ‘खोक्यांत भरलेली गाडी’ विकाऊ असते, तेव्हा स्वस्त किमतीला भुलू नका. त्यात कोणते भाग नाहीत हे विकणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं.

उंबरा कापताना घ्यायची एक काळजी सांगायलाच हवी. सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार वेल्ड करतात, म्हणजे सांगाडा हलत नाही. एका वेळी एकच बाजू कापतात आणि नवा भाग पक्का करण्याआधी दरवाजा लावून फट तपासतात. हे न करता घाईने वेल्डिंग केलं, तर गाडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची पक्की होते. मग कितीही महाग रंग लावा, दरवाजा नीट लागत नाही. गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून देणारेही असतात. वरून छान दिसतं, आत गंज आपलं काम चालू ठेवतो.

कारखाना बंद, साचे जिवंत

ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. एरवी इथेच गोष्ट संपली असती. सुटे भाग हळूहळू संपले असते, गंजलेल्या गाड्या भंगारात गेल्या असत्या. पण ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेतल्या लोकांनी वेगळाच खटाटोप केला. एमजीबीचा पत्रा ज्या साच्यांवर दाबून काढत, ते जुने साचे ठिकठिकाणी विखुरले होते. ते शोधून काढले, दुरुस्त केले आणि १९८८ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये एमजीबीचा संपूर्ण कोरा सांगाडा पुन्हा बनवायला सुरुवात केली. गाडी बंद होऊन आठ वर्षांनी तिची नवी कोरी बॉडी विकत मिळू लागली.

याचा परिणाम दूरवर गेला. गंजून गेलेल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, काचा, मीटर हे सगळं नव्या सांगाड्यात बसवून ती पुन्हा रस्त्यावर आणणं शक्य झालं. १९९२ मध्ये तर एमजीच्या तेव्हाच्या मालकांनी याच सांगाड्याच्या आधारावर ‘आरव्ही८’ ही नवी गाडी काढली. तशा सुमारे २,००० गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या.

त्याच जपानमध्ये १९८९ साली माझदाने एमएक्स-५ आणली होती. जुन्या ब्रिटिश रोडस्टरची मजा आणि जपानी भरवसा असा तिचा मेळ होता. आज तीही क्लासिक मानली जाते. माझदा स्वतःच पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ पुन्हा बांधून देण्याचं काम जपानमध्ये करू लागली आणि तिचे बंद झालेले काही भाग नव्याने बनवू लागली.

मात्र नव्या सांगाड्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. कणाच नवा असेल, तर गाडी तीच का? आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा मुलाने बदलला, पातं नातवाने बदललं, तर ती आजोबांची कुऱ्हाड राहिली का, तसाच हा पेच. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने मोठे फेरफार झालेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षं एक गुणपद्धत वापरली. जुना नंबर टिकवायला किमान ८ गुण लागत. मूळ किंवा तशाच नव्या, फेरफार न केलेल्या सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २. आणि ज्याच्या आवाजावर आपण भाळतो त्या इंजिनाला फक्त १. सरकारी खात्यालाही कळलं होतं की गाडीची ओळख तिच्या पत्र्यात असते.

जतन की नवा सांगाडा, याचं एकच बरोबर उत्तर नाही. एखादी गाडी बऱ्यापैकी शाबूत असेल तर तिचा मूळ सांगाडा दुरुस्त करून वाचवणं केव्हाही चांगलं. पण जी भंगारातच जाणार होती, तिला नव्या कण्यावर उभं केलं तर काही गमावलं जात नाही. फक्त काय मूळचं आणि काय नवं, याची नोंद कागदावर ठेवावी. पुढे गाडी घेणाऱ्याला ती खरेपणाने दाखवावी.

कामाचा क्रम

दीर्घकाळ उभी असलेली गाडी हाती आली, तर लगेच किल्ली फिरवू नका. आधी थांबण्याची सोय, मग चालण्याची.

सुरुवात ब्रेकपासून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे आतले सिलिंडर गंजतात. रबरी होज आतून फुगलेले असतात. हे सगळं बदलायला फार पैसे लागत नाहीत आणि यात काटकसर करायची नसते. त्यानंतर टायर. जाळी छान दिसली तरी रबर वयाने कडक होतं. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. हा कोड आपल्या रोजच्या गाडीच्या टायरवरही बघायला हरकत नाही.

मग पेट्रोलच्या नळ्या. एमजीबीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मागच्या उजव्या चाकाजवळ बसतो आणि किल्ली फिरवली की टिकटिक करतो. टिकटिक ऐकू आली नाही, तर मालक लोक खाली वाकून पंपाला हलकी टप्पल मारतात आणि पुष्कळदा तो चालू होतो. हा इलाज घरी पोहोचण्यापुरता. नंतर पंप दुरुस्त करायलाच हवा.

वायरिंगला हात लावताना वर्ष तपासा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आजच्या पद्धतीच्या बरोबर उलट. तसंच अनेक वर्षं या गाडीत १२ व्होल्टची एक बॅटरी नसून सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असत. हे माहीत नसताना नवा रेडिओ जोडला, तर तो पहिल्या दिवशीच जळतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या दिव्यांवर पुष्कळ विनोद होतात. पण बहुतेक वेळा दोष दिव्याचा नसून गंजलेल्या अर्थिंगचा निघतो. जोड घासून साफ केले की उजेड पडतो.

शेवटचं, पण रोज उपयोगी पडणारं. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. आज सहज आठवणारी गोष्ट सहा महिन्यांनी आठवत नाही.

घरचं गणित

जुनी गाडी हा एकट्याचा छंद राहत नाही. तिला जागा लागते, रविवार लागतात आणि घरातल्या पैशांतून वाटा लागतो. पुनर्बांधणीचा सर्वांत मोठा खर्च सुट्या भागांचा नसतो. तो पत्र्याच्या आणि रंगाच्या मजुरीचा असतो. चांगला डेंटर तासावर काम करतो आणि तास मोजता येत नाहीत, कारण रंग खरवडेपर्यंत खाली किती गंज आहे ते कोणालाच दिसत नाही. एमजीबीसारख्या मोठ्या संख्येने बनलेल्या गाडीवर केलेला संपूर्ण खर्च विकताना क्वचितच परत मिळतो.

म्हणून ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरून घरच्यांना पटवू नका. आनंदासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढतो आहोत, असं सरळ सांगा. अंदाजपत्रकाच्या वर चांगली मोठी राखीव रक्कम धरा. कामाचे टप्पे करा आणि एक टप्पा संपल्याशिवाय पुढचा उघडू नका. गॅरेजला काम देताना काय करायचं, कोणते भाग मूळचे ठेवायचे आणि पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे लिहून घ्या.

सुरक्षेचाही विचार हवा. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही आणि सुरुवातीच्या गाड्यांत सीटबेल्टही मूळचे नसत. चांगले बेल्ट बसवून घ्या. लहान मुलांना मांडीवर बसवून फेरी मारण्याचा मोह टाळा. पुढच्या गाडीला नवे ब्रेक आहेत, आपल्याला जुने, हे लक्षात ठेवून अंतर राखा.

चालवण्याची मजा

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर पहिल्या वळणावर मिळतं. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे रस्त्याची प्रत्येक खडी हाताला कळते. सीट इतकी खाली की ताशी ६० किलोमीटरला शंभरचा भास होतो. सकाळी थंड इंजिनाला चोक ओढून जागं करायचं, गरम होईल तसा चोक आत ढकलायचा. डोळा रस्त्याइतकाच ऑइल प्रेशरच्या काट्यावर ठेवायचा. जुन्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे, म्हणून चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून वेग जुळवावा लागतो. जमलं की गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो. नाही जमलं तर सगळ्या गल्लीला कळतं.

या गाडीत वेग कमी आणि काम जास्त आहे. पण ते काम तुमचं असतं. आजच्या गाडीत चालकाचं निम्मं काम संगणक करतो. इथे तुम्ही जे करता तेच गाडी करते.

आणि चालवणं ही चैन नाही, ती देखभालच आहे. उभ्या गाडीत रबरी सील सुकतात, ब्रेक चिकटतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं. पुढच्या चाकांच्या किंगपिनना नियमित ग्रीस लागतं. ते दिलं नाही तर ते जाम होतात. इंजिनाला २०डब्ल्यू-५० सारखं घट्ट खनिज ऑइल मानवतं. आजची पातळ ऑइलं त्याच्यासाठी बनलेली नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा गाडी नीट गरम होईपर्यंत चालवली, तर ती कपड्याखाली झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा जास्त टिकते.

पेट्रोलही बदललं आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये २००० सालापासून शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. ते शिसं जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला सांभाळत असे. म्हणून इंजिन उघडलंच आहे तर कडक धातूच्या बैठका बसवून घेतात. आता इथेनॉलचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे ते २० टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या लावणं आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल न ठेवणं, हा त्यावरचा साधा उपाय.

आपल्याकडे काय?

भारतात एमजीबी क्वचितच दिसेल. पण हे सगळे धडे आपल्या गोठ्यात, अंगणात, सोसायटीच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाड्यांनाही लागू आहेत. अ‍ॅम्बेसेडर आहे, प्रीमियर पद्मिनी आहे. मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे, जिच्या मूळ ब्रिटिश रूपाच्या चासीवरून ट्रायम्फ स्पिटफायर ही एमजीची प्रतिस्पर्धी स्पोर्ट्स कार घडली. गंज कुठे लपतो, खर्च कुठे वाढतो आणि उभी गाडी कशी मरते, हे सगळीकडे सारखंच.

कायद्यानेही या गाड्यांना वेगळी जागा दिली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मोठे फेरफार न केलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. तिला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणी १० वर्षांची. नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या ये-जा किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, तसंच पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी ती रस्त्यावर आणता येते. म्हणून अर्ज करण्याआधी आपल्याला गाडी कशी वापरायची आहे हे ठरवा. आणि फेरफारांचा मोह आवरा. मूळ इंजिन काढून दुसरं बसवलं किंवा विजेची मोटर लावली, तर गाडी चालेल, पण तिचा ‘विंटेज’पणा धोक्यात येईल.

दिल्लीत द स्टेट्समन या वृत्तपत्राची विंटेज आणि क्लासिक गाड्यांची रॅली १९६४ पासून चालत आली आहे. अशा ठिकाणी घरातल्या मुलांना नक्की न्या. तिथे मालक मंडळी बॉनेट उघडून उभी असतात आणि विचारलं की सांगायला आनंदाने तयार असतात. ब्रिटनमध्ये एमजी कार क्लब १९३० पासून हेच करत आला आहे. सुटे भाग कारखान्यात बनतात, पण हातातलं ज्ञान अशाच गप्पांतून पुढे जातं.

त्या ज्ञानाचं एक उदाहरण. एमजीबीला दोन एसयू कार्बोरेटर असतात आणि दोघांनीही हवा सारखीच ओढली पाहिजे. त्यासाठी यंत्रं मिळतात. पण जुने फिटर एक साधी रबरी नळी वापरतात. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. एकाची शीळ ऐकायची, मग दुसऱ्याची, आणि दोन्ही शिळा एका सुरात येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही. साचे सापडले म्हणून पत्रा पुन्हा बनला. या कानाचा साचा मात्र कुठे ठेवलेला नाही. तो जिवंत ठेवायचा तर नळीचं ते टोक अधूनमधून घरातल्या एखाद्या लहानाच्या कानाला लावायला हवं.